रात्रीचा खेळ, सकाळची पाळी

११ जून ते १९ जुलै २०२६ असा काल ज्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेसाठी नेमला गेला आहे, तिची मैदाने मेक्सिको, कॅनडा आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने या तीन देशांत असली, तरी तिचा एक निष्ठावंत प्रेक्षकवर्ग शिवाजी पेठेत आणि मंगळवार पेठेत राहतो, हे करवीरकरांस नव्याने सांगावयास नको. २०२२ साली कतारमध्ये ३२ संघ आणि ६४ सामने होते. २०२६ च्या स्पर्धेचा विस्तार ४८ संघ आणि १०४ सामने इतका आहे. चौकाचौकांत मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांच्या उंच प्रतिमा उभ्या करणारे, एक गल्ली ब्राझीलच्या पिवळ्या रंगाने तर शेजारची अर्जेंटिनाच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी सजविणारे हे शहर आहे. त्याच्या उत्साहाविषयी आम्हांस काही सांगावयाचे नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते सामना संपल्यानंतरच्या सकाळविषयी. आणि त्या सकाळी शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींत पहिल्या पाळीला हजर होणाऱ्या माणसाविषयी.

कतारची स्पर्धा आपल्या घड्याळाला बरीच मानवणारी होती. १८ डिसेंबर २०२२ चा अंतिम सामना आपल्याकडे रविवारी रात्री साडेआठ वाजता सुरू झाला. अर्जेंटिनाने पेनल्टींवर फ्रान्सला हरविले, तरी ज्याला सोमवारी कामावर जावयाचे होते त्याला मध्यरात्रीच्या सुमारास निजता येत होते. २०१८ च्या रशियातील स्पर्धेचेही थोड्याफार फरकाने तसेच होते. २०२६ ची गोष्ट निराळी आहे. अमेरिका खंडातील दुपार म्हणजे आपली मध्यरात्र आणि तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. वेळापत्रकाप्रमाणे ब्राझील आणि मोरोक्को यांचा सामना आपल्याकडे १४ जूनच्या पहाटे साडेतीन वाजता येतो. तो रविवार आहे, म्हणून निभावून जाईल. परंतु ब्राझील आणि स्कॉटलंड यांची गाठ २५ जूनला, गुरुवारी, पुन्हा पहाटे साडेतीनलाच आहे. अर्जेंटिना आणि अल्जीरिया यांचा सामना १७ जूनला, बुधवारी, सकाळी साडेसहा वाजता सुरू होतो. आणि पहिल्या पाळीची हजेरी सातला लागते. म्हणजे ब्राझीलवाल्या गल्लीची झोप जाणार आणि अर्जेंटिनावाल्या गल्लीचा खाडा पडणार, असा हा योग आहे. रात्र थोडी आणि सोंगे फार, ही म्हण या पाच-साडेपाच आठवड्यांना अगदी चपखल लागू पडते.

अशा स्पर्धेच्या काळात नोकरवर्गाच्या स्वास्थ्याची काळजी कशी घ्यावी, याविषयी मोठ्या शहरांतील कंपन्यांतून आता बरेच बोलले जाते. कचेरीत मोठा पडदा लावावा, आवडत्या संघाचा सदरा घालून येण्यास मुभा द्यावी, निकालाचे अंदाज वर्तविण्याची चुरस ठेवावी, सकाळी तासभर उशिरा येऊ द्यावे, असे त्याचे स्वरूप असते. यात वाईट काहीच नाही. परंतु हा सारा विचार ज्याला कामावर जांभई देण्याची सोय आहे अशा माणसाला समोर ठेवून केलेला आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण याच वर्गातील आहेत, आणि आम्हीही त्याच वर्गातील आहोत. झोप न झालेल्या कारकुनाची बेरीज चुकली तर ती दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. अग्रलेखातही एखादा शब्द चुकतो आणि वाचक पत्र लिहून कान उपटतात, एवढ्यावर भागते. कोल्हापूरच्या उद्योगाचा कणा मात्र कचेरीत नाही; तो ओतकामाच्या कारखान्यांत आहे. तेथे सुमारे १४०० अंश सेल्सिअस तापमानाचे वितळलेले लोखंड लॅडलमधून साच्यांत ओतले जाते, डोक्यावरून क्रेन फिरते, प्रेसखाली हात घालून सुटा भाग काढून घ्यावा लागतो. या जागी उभ्या असलेल्या माणसाचे डोळे दोन सेकंद मिटले, तर त्याची दुरुस्ती दुसऱ्या दिवशी होत नाही.

ही आमची नुसती कल्पना नव्हे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी प्रयोग करून दाखविले की, सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाच्या हालचालींतील अचूकपणा इतका घटतो, की तो रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाच्या बरोबरीला येतो. आणि चोवीस तासांच्या जागरणानंतर ही तुलना जवळजवळ दुपटीने वाढते. आपल्या मोटार वाहन कायद्याने वाहन चालविणाऱ्यासाठी घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. आता हिशेब करून पाहावा. बुधवारी सकाळी सहाला उठलेला तरुण दिवसभर काम करून, घरी जेवून तालमीत गेला आणि गुरुवारी पहाटे साडेपाचला ब्राझीलचा सामना संपेपर्यंत जागा राहिला, तर साडेतेवीस तास झाले. तो तोंडावर पाणी मारतो, चहा घेतो आणि मोटारसायकलीला किक मारून तावडे हॉटेलावरून महामार्गाला लागतो. त्याच्या तोंडाला वास येत नाही, म्हणून पोलीस त्याला अडवीत नाहीत. कारखान्याच्या दारावर त्याची हजेरी वेळेवर लागते, म्हणून सुपरवायझरही खूश असतो. कायदा आणि शिस्त या दोन्हींच्या दृष्टीने तो निर्दोष, आणि तरीही त्या सकाळी त्या पाळीवरचा सर्वांत धोक्याचा माणूस तोच.

येथेच मालकवर्गाचा नेहमीचा उपाय उलटा पडतो. स्पर्धा तोंडावर आली की फलकावर सूचना लागते: या काळात रजा मंजूर होणार नाही, विनापरवाना खाडा पडल्यास पगार कापला जाईल. सूचना काढणाऱ्याचा हेतू उत्पादन राखण्याचा असतो, हे आम्ही जाणतो. परंतु तिचा परिणाम काय होतो? सामना पाहावयाचा नाही असे कोणी ठरवीत नाही. एकतर तो सामना पाहून झोपेवाचून कामावर येतो, नाहीतर डॉक्टरांची चिठ्ठी पैदा करतो. पहिल्या प्रकारात अपघाताला आमंत्रण आणि दुसऱ्या प्रकारात खोटेपणाला उत्तेजन. वर्गात डुलक्या घेणाऱ्या मुलाला बाकावर उभे केले, तर तो उभ्याउभ्याच डुलक्या घेतो, हे खडू हातात धरलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. आम्हीही वर्षानुवर्षे पाहिले. शिक्षेने मनुष्य ताठ उभा राहतो, जागा होतोच असे नाही.

तेव्हा पहिली गरज आहे ती खरे बोलता येण्याची. स्पर्धेचे वेळापत्रक कितीतरी महिने आधी जाहीर झालेले असते. कोणता सामना कोणत्या रात्री हे तालमीतल्या पोराला पाठ असते. मग कारखान्याच्या कचेरीलाच ते अवगत नसावे, याला काय म्हणावे? पंधरा दिवस आधी हजेरीपटाशेजारी एक साधा कागद लावावा आणि ज्याला जे तीन-चार सामने पाहावयाचेच आहेत त्याने ते आपल्या नावापुढे लिहावेत. फुटबॉलचे वेड असले तरी १०४ सामने कोणी पाहत नाही. आपल्या संघाचे पाहतो आणि शेवटचे पाहतो. एवढे कळले, की पाळ्यांची अदलाबदल आधी ठरविता येते. दुसऱ्या पाळीवर येणाऱ्याला पहाटेचा सामना पाहून दुपारपर्यंत निजता येते, म्हणून अनेकांची अडचण केवळ एवढ्यानेच सुटते. ज्यांची सुटत नाही, त्यांना त्या दिवशी भट्टी, प्रेस आणि क्रेन यांपासून दूर ठेवून तपासणीचे किंवा मांडामांडीचे काम द्यावे. आणि ‘साहेब, आज झोप झालेली नाही’ असे जो आपण होऊन सांगेल, त्याच्या नावावर काळी खूण पडणार नाही, असे मालकाने स्वतः, तोंडी, सर्वांसमोर सांगावे. हे शेवटचे कलम कागदावरील सर्व कलमांहून अधिक उपयोगी पडेल अशी आमची समजूत आहे. मात्र अदलाबदलीच्या नावाखाली एकाच माणसाच्या गळ्यात सलग दोन पाळ्या पडता कामा नयेत. नाहीतर एकाच्या जागरणाची भरपाई दुसऱ्याच्या जागरणाने केल्यासारखे होईल.

‘आज फुटबॉलसाठी सवलत, उद्या क्रिकेटसाठी, परवा आणखी कशासाठी, याला अंत कोठे?’ असा प्रश्न कारखानदार करतील. प्रश्न गैरवाजवी नाही. पण कोल्हापूरच्या कारखानदाराला त्याचे उत्तर इतर कोणाहूनही चांगले ठाऊक आहे. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते तेव्हा तो काय करतो? गणपती विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसाच्या उन्हापर्यंत लांबते, तेव्हा कोणाकडून पहिल्या पाळीची अपेक्षा धरतो? आणि मृगाचा पाऊस पडला की करवीर, पन्हाळा, हातकणंगले तालुक्यांतून येणारा निम्माअधिक कामगार पेरणीला आणि रोपलावणीला गावी राहतो, ते तर त्याने केव्हाच हिशेबात धरलेले असते. या साऱ्यांसाठी येथे एक अलिखित समजूत आहे आणि तिच्यामुळे कोणाचा कारखाना बुडाल्याचे आम्हांस ठाऊक नाही. चार वर्षांनी एकदा येणाऱ्या स्पर्धेसाठी त्याच समजुतीचा एक कोपरा मोकळा करावयाचा आहे, एवढेच. शिवाजी उद्यमनगरातल्या पाच-सात माणसांच्या वर्कशॉपात तर हा प्रश्न उद्भवतच नाही; कारण मालक आणि फिटर एकाच तालमीचे असतात आणि दोघेही सकाळी लाल डोळ्यांनीच भेटतात. लेथवर कोणी उभे राहावयाचे, एवढे मात्र त्यांनीही आधी ठरवावे.

कारखाना आणि फुटबॉल यांचे नाते महाराष्ट्राला नवीन नाही. मफतलालसारख्या गिरणीचा आणि महिंद्रासारख्या मोटारींच्या कारखान्याचा संघ मुंबईत एके काळी गाजत असे, आणि चांगल्या खेळाडूला पायाच्या जोरावर नोकरी मिळे. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली; २०१० साली तो संघ बंद झाला. तेव्हा मालकवर्ग खेळाला वेळ देत होता तो मैदानावरील अकराजणांसाठी. आता प्रश्न आहे तो पडद्यासमोरील हजारोंचा.

विश्रांतीची सोय म्हणजे काही परदेशातून आणलेले नवे खूळ आहे, असाही सूर कधीकधी ऐकू येतो. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीमुळे. १९४८ च्या कारखाना कायद्याने दीडशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात विश्रांतीची खोली सक्तीची केली होती. त्या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या संहितेने घेतली, तरी विश्रांतीच्या खोलीची कल्पना तिनेही सोडलेली नाही. प्रत्यक्षात त्या खोलीत बहुतेक ठिकाणी जुने साचे, मोडक्या खुर्च्या आणि रंगाचे डबे विश्रांती घेत असतात. स्पर्धेच्या निमित्ताने ती रिकामी करून चार चटया अंथरल्या आणि जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटे डोळे मिटू दिले, तर कॅन्टीनमध्ये मोठा पडदा लावण्यापेक्षा ते अधिक उपकारक होईल. पडद्याची वाण कोणालाच नाही. तो प्रत्येकाच्या खिशातच आहे.

आता ज्यांना फुटबॉलचे सोयरसुतक नाही, त्यांच्याविषयी. स्पर्धेच्या गडबडीत सर्वांत सहज विसर पडतो तो यांचाच. पहाटेचा सामना पाहणाऱ्या चौघांचे काम जो पाचवा निमूटपणे उरकतो, किंवा जी उरकते, त्यांच्या स्वास्थ्याचे काय? कचेऱ्यांतून, बँकांतून, रुग्णालयांतून हा बोजा पुष्कळदा स्त्रियांवर पडतो. आणि घरी पहाटे साडेतीनला चहाचे आधण ठेवून सहाला डबा भरून देणाऱ्या गृहिणीची पाळी तर कोणत्याच हजेरीपटावर नसते. म्हणून सवलत द्यावयाची ती फुटबॉलच्या नावाने न देता सर्वांना सारखी द्यावी. या काळात प्रत्येकाने दोन वेळा पाळी बदलून घ्यावी किंवा उशिरा यावे. कारण विचारू नये. एकजण सामना पाहील, दुसरी मुलाच्या शाळेत जाईल, तिसरा शेतावर जाईल.

याहूनही कठीण प्रश्न कंत्राटी कामगारांचा आहे. कायम कामगाराला रजा असते, युनियन असते. कंत्राटी कामगाराच्या पदरी यांतले काहीच नसते. आला तर दाम, न आला तर नाही. तो झोपेवाचून येणारच. कारण त्याच्या एका सकाळच्या झोपेची किंमत एका दिवसाची मजुरी आहे. आणि अंगमेहनतीची, धोक्याची जागा बहुधा त्याच्याच वाट्याला आलेली असते. कारखान्याने आपल्या कायम माणसांसाठी कितीही चांगली व्यवस्था केली आणि कंत्राटदाराच्या माणसांना तीतून वगळले, तर भट्टीसमोरचा धोका जेथल्या तेथे राहील. अदलाबदलीच्या कागदावर त्यांचीही नावे हवीत, हे कंत्राटदाराला मालकानेच बजावले पाहिजे.

मालकांना इतके सांगितल्यावर तालमींनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ बाळगावेत, ही कोल्हापूरचीच तऱ्हा. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही नावे शाहू स्टेडियमवर ज्या प्रेमाने घेतली जातात त्याला दुसरीकडे तोड नाही. आणि याच मातीतील अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात देशाच्या संघातून खेळला. पण तालीम म्हणजे मुळात काय? दिवेलागणीनंतर पोराला निजवून पहाटे आखाड्यात उतरविणारी जागा. जागरण केलेल्या पठ्ठ्याला वस्ताद मातीला पाय लावू देत नसे. त्याच तालमीत आता पहाटे साडेतीनला पडदा लागतो, यात आम्ही दोष पाहत नाही. काळाबरोबर तालमीही बदलणार. परंतु ज्याला सातच्या पाळीवर जावयाचे आहे त्याला मध्यंतरातच घरी पिटाळण्याचा अधिकार आजही वस्तादाच्या शब्दाला आहे. सुपरवायझरच्या नोटिशीला तो नाही. त्याचप्रमाणे पहाटे साडेपाचला फटाके आणि पुंगळ्या काढलेल्या मोटारसायकलींची फेरी निघाली, तर रात्रपाळी करून नुकतीच पाठ टेकलेली परिचारिका आणि सीपीआर रुग्णालयातील रोगी यांनी कोणत्या संघाचे काय बिघडविले होते, हेही तालमीच्या मंडळींनी एकदा मनाशी विचारावे.

दोन गोष्टी ओझरत्या सांगून पुढे जातो. २००६ ची स्पर्धा जर्मनीत झाली तेव्हा म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या, आणि जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या अडीचपटींहून अधिक होत्या असे त्यांना आढळले. पन्नाशी ओलांडलेल्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या आमच्या वयाच्या मंडळींनी हा आकडा लक्षात ठेवलेला बरा. दुसरी गोष्ट पैजेची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला आहे. पण कॅन्टीनच्या बाकावर दहा-वीस रुपयांनी सुरू होऊन आगाऊ पगाराच्या अर्जापर्यंत पोहोचणारी पैज कायद्याच्या नजरेस पडत नाही. ती टाइमकीपरच्या आणि युनियनच्या माणसाच्या नजरेस आधी पडते, आणि त्याने त्या पोराशी दोन शब्द बोलावेत.

राहता राहिला पाऊस. जून-जुलै म्हणजे आपल्याकडे निसरडे रस्ते आणि राजाराम बंधाऱ्यावरील पाण्याच्या पातळीकडे लागलेले डोळे: ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. महापालिकेचे, वीज मंडळाचे आणि पूरनियंत्रण कक्षाचे कर्मचारी या दिवसांत आधीच रात्रीचा दिवस करीत असतात. त्यांच्या पाळ्या लावताना उपांत्य आणि अंतिम सामन्यांच्या रात्री ध्यानात घेतल्या, तर ऐन वेळी फोन न उचलणारा माणूस शोधत बसावे लागणार नाही. आणि हे सर्व जेथे एकवटते ती रात्र म्हणजे १९ जुलैच्या रविवारची. अंतिम सामना आपल्याकडे त्या रात्री साडेबाराला सुरू होतो, म्हणजे तारीख २० जुलै, सोमवार. जादा वेळ आणि पेनल्टी धरून तो तीनच्या पुढे सहज जाईल. सातच्या पाळीसाठी कागलला पोहोचावयाचे तर सहाला घर सोडले पाहिजे. मधल्या तीन तासांत जल्लोष, झोप आणि आंघोळ तिन्ही बसवावयाची आहेत, आणि बाहेर बहुधा पाऊस असेल. त्या एका दिवसापुरती पहिली पाळी सातऐवजी दहाला सुरू करावी आणि गेलेले तीन तास त्या आठवड्यात थोडेथोडे भरून घ्यावेत, कोणावरही एका दिवसात त्याचा भार टाकू नये, अशी आमची कारखानदारांना सूचना आहे. भट्टी किती वाजता तापवावयाची हे त्यासाठी आदल्या शनिवारी ठरले पाहिजे, आणि तो कागद शनिवारच्या दुसऱ्या पाळीच्या आत फलकावर लागला पाहिजे.